दिवसातून दोनदा उलटी वाहणारी नदी आणि तिच्यावरच्या शिडाच्या शर्यती

थेम्सकाठी

मी सांगलीची. कृष्णा लहानपणापासून डोळ्यांसमोर. नदीला पूर येतो आणि उन्हाळ्यात तिचं पात्र उघडं पडतं, एवढंच मला नदीबद्दल ठाऊक होतं. ती माघारी फिरते हे मनातही आलं नव्हतं. लंडनला आल्यावर पहिल्याच आठवड्यात पटनीच्या पुलावर उभी होते. सकाळी कामावर जाताना पाणी शहराच्या आत, वरच्या अंगाला चाललं होतं. संध्याकाळी परतताना तेच पाणी समुद्राकडे निघालेलं, आणि सकाळी जिथे पाणी होतं तिथे गोटे, चिखल आणि त्यात चोची खुपसणारे पक्षी. त्या संध्याकाळी मी तासभर पुलावरून हलले नाही.

थेम्सला भरती-ओहोटी टेडिंग्टनच्या बंधाऱ्यापर्यंत लागते. तिथून समुद्रापर्यंतचा ९५ मैलांचा पट्टा लंडनच्या बंदर प्राधिकरणाच्या ताब्यात आहे. लंडन ब्रिजपाशी उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, पाणी साडेसहा मीटरच्या आसपास वरखाली होतं, म्हणजे मुंबईच्या उधाणापेक्षाही जास्त. पटनीच्या घाटरस्त्यावर मोठ्या उधाणाला पाणी चढतं आणि ज्यांना हे माहीत नसतं त्यांच्या गाड्या चाकं बुडेपर्यंत पाण्यात उभ्या राहतात.

या पट्ट्यातल्या एका छोट्या शिडाच्या होड्यांच्या क्लबात मी सात वर्षं आहे. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण 'यॉट' म्हटलं की आपल्याकडे पांढरी पँट आणि श्रीमंती डोळ्यांसमोर येते. आमच्याकडे लाकडी आणि फायबरच्या तेरा-चौदा फुटी होड्या आहेत, दोन माणसांच्या नाहीतर एकट्याच्या. क्लबात एक चहाचं मोठं भांडं आहे आणि भिंतीवर भरतीचं कोष्टक.

ते कोष्टक आमचं खरं पंचांग. शर्यत रविवारी अकरालाच, असं इथे नसतं. भरती जेव्हा पूर्ण होणार त्याच्या तास-दीड तास आधी सुरुवात. म्हणजे एका रविवारी सकाळी नऊला, पुढच्या रविवारी दुपारी तीनला. ओहोटीला घाटाच्या उतारावरून होडी पाण्यात नेणंच अवघड, पुढे नुसता चिखल. वर्षाचं वेळापत्रक डिसेंबरात ठरतं ते चंद्राकडे बघून. माझ्या घरचे सण-समारंभ आता त्याच्या आजूबाजूने बसवलेले असतात.

आता शर्यतीबद्दल. तळ्यावर होडी हाकताना वारा आणि शीड एवढंच सांभाळायचं. इथे पायाखालची जमीनच सरकते. मध्यावर भर ओहोटीला पाण्याचा वेग ताशी तीनेक सागरी मैल. मंद वाऱ्यात आमची होडीही जवळपास तेवढ्याच वेगाने जाते. म्हणजे शीड भरलेलं, नाळेपुढे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, पाणी खळखळतंय, आणि काठाकडे पाहिलं तर झाड तिथल्या तिथे. नवीन माणसाला हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा तो घाबरतो. मीही घाबरले होते.

म्हणून पहिला धडा: पाण्याकडे बघू नका, काठाकडे बघा. दुसरा: प्रवाह सोबत असेल तर मध्यावर जा, विरुद्ध असेल तर काठ धरा. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी जोरात, आतल्या अंगाला मंद. पुलाच्या खांबामागे आणि घाटाच्या कोपऱ्यामागे पाणी उलटं गरगरतं; तिथे नेमक्या जागी होडी घातली तर ते तुम्हाला फुकट वर नेतं. पण एक हात बाहेर गेलात की मुख्य धार धरून फेकते. काठ धरून टॅक घेत, म्हणजे वाऱ्याविरुद्ध नागमोडी वळणं घेत, जाताना पाण्याखालची फळी गोट्यांना लागल्याचा आवाज येईपर्यंत आत जायचं, चटकन सुकाणू फिरवायचं, चार होड्यांच्या लांबीइतकं बाहेर यायचं, पुन्हा आत. हात सोलतात, पण असं शंभर मीटर वर गेल्यावर जो आनंद होतो तो मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही.

गेल्या रविवारी नैर्ऋत्येचा हलका वारा होता. भरतीबरोबर वर गेलो, फुटबॉलच्या मैदानासमोरची खूण घेतली आणि खाली परतायला लागलो, भरतीच्या विरुद्ध. उद्यानाच्या काठची मोठी झाडं वारा अडवतात. तिथे वारा पडला. पुढे चार होड्या, शिडं लोंबलेली. मी काठावरच्या एका झाडावर नजर ठेवली होती. झाड हळूहळू पुढे जायला लागलं, म्हणजे आम्ही मागे. सोबतच्या मैत्रिणीने काही न बोलता, शिडाच्या आडून, नांगर हळूच पाण्यात सोडला. जोरात टाकला असता तर सगळ्यांनी आवाज ऐकला असता. नियमाने नांगर टाकता येतो, फक्त पुढे निघताना तो वर घ्यावा लागतो. बाकीच्यांच्या लक्षात येईपर्यंत ते पन्नास मीटर मागे गेले होते, आणि आम्ही न हलता पहिल्या! दहा मिनिटांनी वारा आला, नांगरासोबत बादलीभर चिखल होडीत आला, आणि शेवटी आमचा तिसरा नंबर. नांगर काढण्यात वेळ गेला. त्याचं काही वाटत नाही. ती दहा मिनिटं मला जन्मभर पुरतील.

माझा प्रश्न या मंचावरच्या कोकणातल्या आणि गोव्यातल्या सभासदांना आहे. वाशिष्ठी, शास्त्री, सावित्री, वाघोटन, तेरेखोल, मांडवी, या सगळ्या अशाच दोन्हीकडे वाहणाऱ्या नद्या. तिथे गावातल्या मुलांचा असा छोटा शिडाचा क्लब का होऊ नये? काय आडवं येतं?

---

टिटवी

वाचनखूण साठवली. नांगराचा प्रसंग दोनदा वाचला.

दोन शंका. एक, खर्च किती? खरंच सामान्य माणसाला जमतं का? दुसरी, शहरातली नदी म्हणजे सांडपाणी. आमच्याकडे पावसाळ्यात पाण्यात पाय घातला तरी लेप्टोची भीती. तुम्ही त्यात पडता-उठता, काही होत नाही?

---

थेम्सकाठी

टिटवी, मी आणि मैत्रिणीने मिळून जुनी होडी घेतली, चारशे पाउंडांत. शिडाला दोन ठिगळं होती. क्लबची वर्षाची वर्गणी इथल्या व्यायामशाळेपेक्षा कमी आहे, आणि ती कमी आहे कारण पगारी माणूस एकही नाही. सगळं पाळीने. वर्षातून ठरावीक रविवारी शर्यतीला उतरायचं नाही, त्या दिवशी तुमची पाळी: कधी सुरुवातीची निशाणं आणि शिट्टी सांभाळायची, कधी मोटरबोटीत बसून उलटलेल्यांना वर काढायचं, कधी स्वयंपाकघर. उधाण उतरलं की उतारावर बोटभर गाळ बसतो. तो खरवडायला फावडी घेऊन सगळे. हाडांचा डॉक्टर, बसचालक, शाळेतली बाई, सगळ्यांच्या बुटांना तोच चिखल. खरं सांगते, या देशात माझी पहिली घट्ट मैत्री फावडं हातात असताना झाली. शर्यतीत माणूस कळत नाही, गाळ काढताना कळतो.

पाण्याबद्दल तुमची भीती बरोबर आहे. लेप्टो इथेही होतो. आम्ही जखम असेल तर पट्टी लावून, वरून जलरोधक गुंडाळून उतरतो, आणि खाण्याआधी साबणाने हात धुतोच. १९५७ मध्ये इथल्या निसर्गइतिहास संग्रहालयाने थेम्स जैविकदृष्ट्या मृत ठरवली होती. आज तीत मासे आहेत, मी स्वतः पटनीजवळ सील पाहिला आहे. पण मोठा पाऊस झाला की जुन्या गटारांतलं पाणी नदीत सुटायचं. त्यासाठी नदीखालून २५ किलोमीटरचा नवा बोगदा काढला, तो २०२५ मध्ये पूर्ण जोडला गेला.

---

दीपस्तंभ

ताई, तुमच्या धाग्याने मला चाळीस वर्षं मागे नेलं. तुमची ती दोन माणसांची तेरा फुटी होडी म्हणजे एंटरप्राइज असणार. निळी शिडं?

असेल तर ऐका. ही होडी आखली जॅक होल्ट यांनी, आणि त्यांची कार्यशाळा तुमच्याच पटनीत, नदीकाठी होती. १९५६ मध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली ती दोन एंटरप्राइज होड्यांनी ऐन हिवाळ्यात रात्री इंग्लिश खाडी ओलांडून. प्लायवूडचे कापलेले तुकडे मिळायचे, ते घरी जोडून लोक होडी बांधायचे. म्हणून ती हजारोंनी पसरली.

आणि ती मुंबईला आली. १९८२ चे आशियाई खेळ दिल्लीत झाले, पण शिडाच्या शर्यती मुंबईच्या बंदरात होत्या. एंटरप्राइज वर्गात फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक जिंकलं. तेव्हा मी कॉलेजात होतो. ससून गोदीच्या बाजूने आम्ही पोरं नुसती निळी शिडं बघायला जायचो. कोण पुढे कोण मागे, काही कळत नव्हतं. पण पटनीच्या नदीकाठच्या कार्यशाळेत जन्मलेली होडी आपल्या बंदरात आपल्या माणसांनी जिंकावी, आणि आज सांगलीची मुलगी पटनीला तीच होडी हाकते, हे वाचून डोळे भरून आले.

पुढे नोकरीत असताना मी स्वतः मुंबई बंदरात सहा-सात वर्षं एंटरप्राइज चालवली. ओहोटीची धार काय असते ते मला माहीत आहे. तो 'काठाकडे बघा' धडा अगदी खरा. आम्ही उभ्या जहाजांच्या नांगराच्या साखळ्यांकडे बघायचो; साखळीपाशी पाणी फुटतं त्यावरून वेग कळतो.

---

थेम्सकाठी

दीपस्तंभ काका, निळीच शिडं आहेत. हे मला माहीत नव्हतं. सात वर्षं त्या काठावरून होडी ढकलते आहे. उद्या क्लबात सगळ्यांना सांगते.

---

अबोली

मी नॉरिचला राहते. इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोक ब्रॉड्स म्हणून नद्यांचं आणि उथळ तळ्यांचं जाळं आहे, सव्वाशे मैलांच्या आसपास, आणि एकही पाणदरवाजा नाही. सगळं पाणी शेवटी ग्रेट यार्मथला समुद्राला मिळतं, म्हणून भरती-ओहोटी त्या सगळ्याला लागते. यार्मथजवळ जोरात, आत जाल तशी कमी कमी.

ही तळी नैसर्गिक आहेत असं लोक पूर्वी धरून चालले होते. १९५० च्या दशकात जॉइस लॅम्बर्ट नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी तळाशी जाऊन मातीचे नमुने काढले. तळ्यांच्या कडा सरळ उभ्या निघाल्या, खणलेल्या खड्ड्यासारख्या. मध्ययुगात लोकांनी जळणासाठी तिथलं पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, शतकानुशतकं कापून नेलं आणि पुढे पाणी चढून खड्डे भरले. म्हणजे आम्ही ज्या पाण्यावर शर्यती खेळतो ती माणसांनी चुलीसाठी केलेली खाण आहे. हे मला कधीही विसरता येत नाही.

तिथे हॉर्निंग गावातून उन्हाळ्याच्या तोंडाला 'थ्री रिव्हर्स' नावाची शर्यत असते. १९६१ पासूनची. ब्युअर, अँट आणि थर्न या तीन नद्या, साधारण ५० मैल, २४ तासांच्या आत संपवायची. शंभराच्या आसपास होड्या. मोठी गंमत अशी की ठरवलेल्या खुणांना वळसा घालायचाच, पण कोणत्या क्रमाने ते ज्याचं त्याने ठरवायचं. एक खूण ब्युअरच्या खालच्या अंगाला, जिथे प्रवाह जोरकस. एक हिकलिंगच्या तळ्यात, जे तिथलं सगळ्यात मोठं. खाली ओहोटीबरोबर जायचं आणि भरतीबरोबर वर यायचं हे कोणालाही कळतं. पण भरतीची वेळ जर रात्री दोनची असेल आणि वारा संध्याकाळी पडणार असेल, तर? मग आदल्या रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर कागद, कोष्टकं आणि भांडणं.

त्यात पूल. एकलचा पूल ओलांडायला डोलकाठी आडवी करावी लागते. पॉटर हाइगमचा जुना दगडी पूल मध्ययुगातला, त्याची कमान पाण्यापासून जेमतेम दोन मीटर. भरतीला आणखी कमी. वाऱ्यावर भरधाव यायचं, पुलाच्या अलीकडे शीड खाली, डोलकाठी खाली, लांब वाशाने होडी पलीकडे रेटायची, पुन्हा डोलकाठी उभी, पुन्हा शीड. सरावलेले लोक हे इतक्या थोड्या वेळात करतात की काठावरचे टाळ्या वाजवतात. सगळ्यांना हे सुचलं कारण पूर्वी तिथे माल वाहणाऱ्या वेरी होड्या होत्या, एकच मोठं काळं शीड आणि बुडाशी शिसं बांधून तोललेली डोलकाठी, एका माणसाला खाली-वर करता येईल अशी. १८९८ मध्ये बांधलेली 'अल्बियन' अजून पाण्यावर आहे.

मी तीन वर्षांपूर्वी एका जुन्या होडीवर तिसरी म्हणून गेले होते. रात्री एकच्या सुमारास ब्युअरच्या खालच्या अंगाला वारा पूर्ण गेला. दोन्ही बाजूंना नुसते बोरू, वर धुकं, इतकं की नाळ दिसेना. आमच्याकडे नांगराऐवजी चिखलात रुतणारं लोखंडी वजन असतं, ते टाकलं आणि बसलो. कुठून तरी दुसऱ्या होडीवरचं बोलणं ऐकू येत होतं, मैलभर लांबून असेल किंवा वीस हातांवरून, धुक्यात कळत नाही. कोणीतरी थर्मासचं झाकण उघडलं त्याचा आवाज. आणि मग पाणी वळलं. दिसलं काही नाही. बोरूच्या मुळाशी लागलेला फेस थांबला आणि उलट्या बाजूला निघाला. आमच्या होडीवरच्या आजोबांनी तो हाताने दाखवला आणि म्हणाले, चला. वारा नव्हताच. पण वजन उचललं आणि नदीच आम्हाला घराकडे घेऊन निघाली. आम्ही वेळेत पोचलो, तासभर राखून.

---

टिटवी

अबोली, हा प्रतिसाद वेगळा धागा व्हायला हवा. फेस थांबला आणि उलटा निघाला, हे वाचताना अंगावर काटा आला.

---

खाडीवरचा

मी वाघोटन खाडीच्या काठचा. धागा चांगला आहे, पण ताईंच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर थोडं कडू आहे, ते देतो.

पहिली गोष्ट, हे ज्ञान आमच्याकडे होतं आणि आहे. क्लबाची पाटी नव्हती एवढंच. कोकणातल्या जुन्या बाजारपेठा नकाशावर बघा. वाशिष्ठीवर चिपळूणचं गोवळकोट, सावित्रीवर महाड, अर्जुनेच्या काठी राजापूर, आमच्या वाघोटनवर खारेपाटण, विजयदुर्गाच्या तोंडापासून आत पंचवीसेक मैल. ही गावं तिथेच का वसली? कारण भरतीचं पाणी गलबताला तिथवर घेऊन जातं. पुढे बैल. समुद्राने माल जिथे आणून ठेवला तिथे बाजार झाला.

माझे आजोबा शिडाच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते. मंगळुरी कौलं आणि मीठ घेऊन खाडीत शिरायचे. त्यांच्याकडे छापील कोष्टक नव्हतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला पाणी भरणार. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला बारा धरायचे. उधाणाला दोन भरत्या गाठायच्या, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, घाई नाही, पाणी सुस्त. भांगाला मचवा भरून आणला तर मधल्या वाळूवर बसणार, मग पुढच्या उधाणापर्यंत तिथेच चूल मांडायची. असं एकदा घडलं होतं, पाच दिवस. आजी ते सांगायची.

हे गणित सरळ मुंबईच्या बाजूचं आहे. आमच्या विजयदुर्गाच्या तोंडाशी पाणी त्याआधी भरतं, आणि खाडीतून आत यायला त्याला वेळ लागतो, म्हणून आतल्या गावांना हिशोब बराचसा जुळतो. प्रत्येक वळणाला किती उशीर, ते आजोबांना तोंडपाठ होतं. नंतर वडिलांनी मशीन बसवलं. मला इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगता येतो, पण पाणी कुठे गरगरतं ते आजोबांसारखं सांगता येत नाही. हे लिहिताना वाईट वाटतं आहे.

दुसरी गोष्ट, काय आडवं येतं. गाळ. खाड्या भरत चालल्या आहेत. डोंगर बोडके झाले, माती खाली आली. आजोबांचा मचवा जिथून जायचा तिथे आज सुकतीला, म्हणजे ओहोटीला, गुडघाभर पाणी. कुठे वाळू उपशाने तळात खड्डे पडलेत, तिथे पोरांना पाठवायला माझं मन धजणार नाही. पावसाळ्याचे चार महिने खाडी ओहोटीलाच असल्यासारखी वाहते, वरून येणारं लाल पाणी भरतीला वर येऊच देत नाही. आणि माणसं मुंबईला. गावात बारा ते अठरा वयाची किती पोरं उरली आहेत? आमच्या वाडीत मोजून नऊ.

नारळी पौर्णिमेला होड्यांच्या शर्यती होतात, वल्ह्याच्या. ईर्ष्या भरपूर असते. पण शीड? आमच्याकडे शीड म्हणजे गरिबी असं डोक्यात बसलं आहे. ज्याच्याकडे डिझेलला पैसे नाहीत तो शीड लावतो. ते आधी निघायला हवं.

---

गणिती

खाडीवरचा यांच्या पाऊणपटीला जोड देतो. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटांनी उशिरा येतो, तिथीमागे पाऊण तास धरला की जवळपास तेच. म्हणून हे सूत्र चालतं. कोणत्याही किनाऱ्याला चालेल, फक्त पौर्णिमेची भरती तिथे कधी भरते तो आकडा त्यात मिळवायचा. मुंबईला तो बारा आहे म्हणून मिळवावं लागत नाही. लंडन ब्रिजला पौर्णिमा-अमावास्येची भरती दोन-तीनच्या सुमारास येते. ताईंनी तिथीची पाऊणपट करून त्यात अडीच तास मिळवून बघावेत.

लंडनला तो आकडा तसा का, तर थेम्समधली भरती अटलांटिकातून स्कॉटलंडला वळसा घालून उत्तर समुद्रातून खाली उतरते.

---

थेम्सकाठी

गणिती, आत्ता करून पाहिलं. उद्या षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार, अधिक अडीच, सात. लंडन ब्रिजचं छापील कोष्टक सांगतं सहा पन्नास. पटनीला त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. मी फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी राहून ओरडले. मुलगा धावत आला.

खाडीवरचा दादा, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. मी प्रश्न विचारताना थोडं वरून बोलल्यासारखं झालं असेल तर माफ करा. खारेपाटण, चिपळूण, महाड या गावांकडे मी असं कधी पाहिलंच नव्हतं.

एका गोष्टीवर मात्र वाद घालते. शीड म्हणजे गरिबी हे इथेही होतंच. अबोलीने लिहिलेल्या वेरी होड्या रेल्वे आणि ट्रक आल्यावर सडून गेल्या. 'अल्बियन' वाचली कारण १९४९ मध्ये काही लोकांनी मिळून न्यास काढला. म्हणजे मधल्या पिढीने टाकून दिलेलं तिच्या पुढच्यांनी उचललं. नऊ पोरं कमी नाहीत. आमच्या क्लबात परवाच्या शर्यतीला सात होड्या होत्या.

---

ओलेती वाट

माझी मुलगी दहा वर्षांची आहे, आम्ही लंडनच्या पश्चिमेला राहतो. तिला पाठवावं का? पोहता येतं, पण तलावात. आणि नदीत वल्ह्यांच्या त्या लांब होड्या भरधाव जातात, त्यांची धडक नाही का होत?

---

थेम्सकाठी

आधी एखाद्या बंदिस्त तलावावर शिकवा, मग इकडे आणा. प्रवाह हा दुसरा धडा, पहिला नाही. जीवरक्षक जाकीट अंगात नसेल तर आमच्याकडे धक्क्यावरही जाऊ देत नाहीत, मोठ्यांनासुद्धा. मार्च-एप्रिलमधलं पाणी इतकं थंड असतं की पोहणाऱ्याचाही श्वास अडकतो, म्हणून लहान मुलांचं सगळं मेनंतर. मोठ्या पावसानंतर वरचं पाणी ओहोटीत मिसळलं की धार फार वाढते. बंदर प्राधिकरण पिवळा किंवा लाल इशारा देतं, आणि लाल असेल तर आमची शर्यत रद्द. त्यावर कोणी वाद घालत नाही.

वल्हेकऱ्यांशी जमवून घ्यावं लागतं. त्यांची पाठ पुढच्या दिशेला, आमचं शीड डोळ्यांसमोर, दोघांनाही नीट दिसत नाही. ऑक्सफर्ड-केंब्रिजची प्रसिद्ध शर्यत इथूनच, पटनी ते मॉर्टलेक, ६.८ किलोमीटर, भरतीबरोबर. ते भर धारेसाठी मध्यावर जागा मिळवायला धडपडतात. आम्ही विरुद्ध जाताना काठ धरतो, आणि काठाला त्यांचे सराव करणारे परतत असतात. म्हणून ओरडून सांगायचं, हात हलवायचा, आणि काठावर भेटल्यावर दोघांनी एकमेकांची चूक मान्य करायची. सात वर्षांत माझ्या होडीला एकदाच वल्हं लागलं. त्या मुलांनी पुढच्या शनिवारी येऊन ओरखडा भरून दिला.

---

दीपस्तंभ

खाडीवरचा, माझ्याकडे एक प्रस्ताव आहे. माझ्या ओळखीत मुंबईत दोन जुन्या लाकडी एंटरप्राइज होड्या झाकून पडल्या आहेत. मालक वयस्कर, चालवत नाहीत, पण मोडीतही घालवत नाहीत. मी बोलून बघतो. ट्रकवर चढवण्याचा खर्च मी करतो. डोलकाठी उभी करायला आणि दोरखंड ओवायला चार दिवस गावात येऊन राहीन. गाळाचं म्हणाल, तर या होडीची पाण्याखालची फळी वर उचलली की हातभर पाण्यातही ती तरंगते. गुडघाभर पाणी तिला पुष्कळ झालं. पण पाणी कुठे खोल, कुठे खड्डा, कुठे धार, ते मला येणार नाही. ते तुम्ही.

---

खाडीवरचा

काका, आत्ताच वडिलांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'शीड शिवूक येता माका अजून.' मला हे माहीतच नव्हतं. आजोबांचं शेवटचं शीड त्यांनीच शिवलं होतं म्हणे.

ताई, वाळू उपशाचे खड्डे कुठे आहेत ते मी आणि दोघं मित्र बांबूने मोजून घेतो, जेटीपासून पहिल्या वळणापर्यंत. तेवढाच पट्टा धरू. नऊपैकी सहा पोरं पोहतात, बाकीच्या तिघांना उन्हाळ्यात शिकवू. मुलगी एकच आहे, ती सगळ्यात चांगली पोहते.

तुम्ही डिसेंबरात येणार असं मागे एका धाग्यावर लिहिलं होतं. कधी?

---

थेम्सकाठी

सुट्टीचे दिवस आजच नक्की केले. सांगलीहून गगनबावड्याने उतरेन. कॅलेंडर बघते... तुमच्याकडे पोचेन त्या दिवशी पंचमी.

---

खाडीवरचा

पाच पाऊणे पावणेचार. दोनला जेटीवर या, पाणी चढतं असेल. जेवून या म्हणणार नाही, आमच्याकडेच जेवायचं. जुने बूट आणा.